शनिवारचा वर्ग दोन हॉलमध्ये वाटू नका: नगरपरिषदेच्या सभासदांना खुले पत्र

सन्माननीय महापौर आणि नगरपरिषदेच्या सर्व पक्षांचे सभासद यांना,

सविनय नमस्कार.

जुन्या लिनन गिरणीच्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी भरणारा पारंपरिक संगीताचा वर्ग येत्या सप्टेंबरपासून बंद करावा आणि त्याच्या जागी दोन वेगळे वर्ग सुरू करावेत, एक गेलिक खेळांच्या क्लबात आणि दुसरा ऑरेंज हॉलमध्ये, असा ठराव आपण जूनच्या बैठकीत मंजूर केला. आम्हा पालकांना तो चार ओळींच्या ई-मेलमधून कळला. त्या चार ओळींत ‘दोन्ही परंपरांना समान न्याय’ असे शब्द आहेत. ते वाचून मी तीन दिवस गप्प राहिले, कारण बाहेरून आलेल्या माणसाने इथल्या जुन्या भांडणात तोंड घालू नये, हा नियम मी पंधरा वर्षांहून अधिक काळ पाळत आले आहे. चौथ्या दिवशी माझ्या बारा वर्षांच्या मुलीने विचारले की सप्टेंबरात फिडल (म्हणजे व्हायोलिन) घेऊन तिने कोणत्या हॉलमध्ये जायचे. मला उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयात देऊन मी पोच घेतली आहे. ही मराठी प्रत उत्तर आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे आणि मायदेशातल्या त्या वाचकांसाठीही, ज्यांना एकाच गावात दोन वस्त्या म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्यांच्यासाठी एवढेच: इथे गेलिक खेळांचा क्लब कॅथलिकांचा आणि ऑरेंज हॉल प्रॉटेस्टंटांचा मानला जातो. आपल्या गावाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. माझी तक्रार एका ठरावाविषयी आहे, गावाविषयी नाही. या गावाने मला घर दिले आहे.

मी मूळची मिरजेची. तिथे डॉ. विल्यम वान्लेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात माझी आई परिचारिका होती आणि पुढे मीही तेच शिक्षण घेतले. ते मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या एका पंथाचे, त्यामुळे हा शब्द मला लहानपणापासून ठाऊक होता. इथे आल्यावर कळले ते एवढेच, की या एका शब्दावरून माणूस कोणत्या रस्त्यावर राहतो, कोणत्या शाळेत शिकला आणि बारा जुलैला प्रॉटेस्टंटांच्या मिरवणुकीत चालतो की गाव सोडून समुद्रावर जातो, हे सारे ओळखता येते.

आमच्या घरापासून सतारमेकर गल्ली पाच मिनिटांच्या अंतरावर होती. तिथले कारागीर मुसलमान. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. हत्यारांना गिऱ्हाईक उरले नाही तेव्हा, एकोणिसाव्या शतकात, ही मंडळी तंबोरे आणि सतारी घडवू लागली. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूरच्या बाजूने येतो. तो वाळवून, कोरून, तारा चढवून तयार झालेला तंबोरा मग देवळातल्या भजनातही वाजतो आणि ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यातल्या उरुसाच्या संगीतसभेतही. उस्ताद अब्दुल करीम खाँ त्याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत आणि त्यांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या सभेत गायला बसलेल्याला त्याचा धर्म कोणी विचारत नाही. असे असूनही 2009 च्या गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत दंगल पेटली आणि संचारबंदी लागली. तेव्हा मी गावातच होते. त्या दिवसांत सतारमेकर गल्लीतली दुकानेही बाकीच्या गावासारखीच बंद होती आणि एकाही तंबोऱ्याने एकही दगड अडवला नाही. हे आधीच सांगते, कारण ‘संगीत माणसांना जोडते’ असे गोड वाक्य ऐकवून आपल्याकडून अनुदान मिळवावे, अशा भोळ्या समजुतीने मी लिहीत नाही.

पुढच्याच वर्षी, 2010 मध्ये, मी इथे नोकरीला आले. पहिल्या आठवड्यात एका वृद्ध रुग्णाने विचारले, “तुम्ही हिंदू ना? मग कॅथलिक हिंदू की प्रॉटेस्टंट हिंदू?” हा इथला फार जुना विनोद आहे आणि तो प्रत्येक परक्या धर्माच्या माणसावर एकदा तरी वापरला जातो, हे मला नंतर कळले. तेव्हा मी हसले होते. आपल्या नव्या अर्जात हाच प्रश्न छापील स्वरूपात समोर आला, तेव्हा हसू आले नाही. पण त्याकडे मी नंतर वळते.

या वर्गात काय घडते ते आधी सांगायला हवे, कारण ठराव मंजूर करणाऱ्यांपैकी कोणीही तो पाहायला आलेले नाही. सकाळी साडेदहाला चौतीस मुले येतात. खुर्च्या गोल मांडलेल्या असतात. मंच नसतो आणि नोटेशनचे स्टँडही नसतात. आमचे शिक्षक निवृत्त बसचालक आहेत. ते फिडलवर धून चार-चार मात्रांच्या तुकड्यांत वाजवतात, मुले ती कानांनी उचलतात आणि चुकतमाकत परत वाजवतात. आठ मापांचा एक भाग दोनदा, मग दुसरा भाग दोनदा, असे बत्तीस मापांचे वर्तुळ पुरे झाले की पुन्हा पहिल्यापासून. माझी मुलगी जिग (नाचाची एक चाल) शिकून पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी नकळत मांडीवर दादरा धरला आणि तो सहा मात्रांवर अचूक बसला. रील (मोबाइलवरची नव्हे, नाचाची) केरव्यावर बसते. माझ्या मुलीला तिच्या आजीच्या घराकडे जाणारी एक वाट अशी अनपेक्षित ठिकाणी सापडली आणि त्याबद्दल मी या वर्गाची आयुष्यभर ऋणी राहीन.

सहायक शिक्षिका टिन व्हिसल आणि बासरी शिकवतात. त्यांचे वडील बारा जुलैच्या मिरवणुकीत लॅम्बेग वाजवत असत. आपल्याला लॅम्बेगची ओळख करून देण्याची गरज नाही, पण मराठी वाचकांसाठी सांगते: तीन फुटांहून अधिक व्यासाचा, अठरा किलोंच्या आसपास वजनाचा हा ढोल गळ्यात अडकवून वेताच्या छड्यांनी बडवतात, आणि पुण्यातल्या ढोलपथकाच्या शेजारी उभे राहिलेल्यालाही त्याचा आवाज छातीत जाणवेल. तो प्रॉटेस्टंटांचा मानला जातो. उलट, एका हातात धरून दुसऱ्या हातातल्या छोट्या काठीने वाजवायचा उथळ बाउरान, जो आपल्या डफाचा लांबचा भाऊ शोभेल, तो कॅथलिकांचा समजला जातो. दोन्हींवर बकरीचेच कातडे असते. गेल्या वर्षी शिक्षिकाबाईंनी वडिलांचा लॅम्बेग गाडीच्या मागच्या सीटवर आडवा घालून वर्गात आणला आणि प्रत्येक मुलाला त्यावर तळहात ठेवायला सांगितले. एका नऊ वर्षांच्या मुलाने विचारले की याची बकरी कोणत्या धर्माची होती. हॉलमध्ये जो हशा पिकला, त्यात मागे चहा ओतणारे दोन बापही सामील होते. त्या दोघांच्याही घरातले एकेक माणूस 1970 च्या दशकात, दोन्ही समाजांमधल्या हिंसाचारात, मारले गेले आहे. एकमेकांविषयी हे त्यांना ठाऊक आहे. त्याबद्दल ते बोलत नाहीत. फिडलच्या तारा किती महाग झाल्या याबद्दल बोलतात. आपण मोडायला निघालात ती व्यवस्था ही आहे.

आता तक्रारींकडे वळते.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार त्या वाक्याबद्दल आहे, ज्यावर आपल्या समितीचा सारा अहवाल उभा आहे: ‘वर्गातील सामग्री मुख्यत्वे एका समाजाच्या परंपरेतील असल्याने दुसऱ्या समाजासाठी समांतर तरतूद आवश्यक आहे.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने या संगीताच्या इतिहासाचे एक पानही उलटलेले दिसत नाही. जुलै 1792 मध्ये बेलफास्टमध्ये हार्पवादकांचे संमेलन भरले. ते भरवण्यात पुढाकार घेणाऱ्यांत त्या शहरातले प्रॉटेस्टंट व्यापारी आणि डॉक्टर होते. दहा आयरिश आणि एक वेल्श वादक आले, त्यांतले बहुतेक अंध होते, आणि सर्वांत वृद्ध डेनिस हेम्पसन पितळी तारा नखांनी छेडण्याची जुनी रीत पाळणारा शेवटचा माणूस होता. धुना टिपून घ्यायला बसवला तो आरमा गावी जन्मलेला एकोणीस वर्षांचा चर्चचा ऑर्गनवादक, एडवर्ड बंटिंग, तोही प्रॉटेस्टंट. त्याने पुढचे सारे आयुष्य या कामाला दिले आणि 1796 ते 1840 या काळात तीन संग्रह छापले. ज्या क्रांतिकारकाच्या नावाने आज भाषणे होतात तो वुल्फ टोन याच संमेलनाला गेला होता आणि त्याला तारांच्या त्या टुणटुणीचा कंटाळा आल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे. म्हणजे हे संगीत जपायला बसला तो राणीच्या चर्चचा मुलगा, आणि कंटाळला तो प्रजासत्ताकाचा जनक. परंपरा कोणाची हे ठरवण्याआधी समितीने एवढे तरी वाचायला हवे होते. (1792 मध्ये गादीवर राजा होता, राणी नव्हे, हे मला माहीत आहे, शब्द इथल्या बोलण्यातला वापरला आहे.)

लिमावडीच्या जेन रॉस यांनी टिपून घेतलेली आणि 1855 मध्ये जॉर्ज पेट्री यांच्या संग्रहात छापलेली धून आज सगळे जग ‘लंडनडेरी एअर’ म्हणून ओळखते. शहराला डेरी म्हणायचे की लंडनडेरी यावरून इथे माणसाचा पक्ष ठरतो, म्हणून मी दोन्ही नावे एकदा लिहून पुढे जाते. त्या धुनेवर उत्तर आयर्लंडचे खेळाडू राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेताना उभे राहतात आणि त्याच धुनेने दोन्ही बाजूंच्या अंत्ययात्रांत माणसे रडतात. याहून टोकाचे उदाहरण हवे असेल तर ‘बॉइन वॉटर’ घ्या. 1690 च्या लढाईतला राजा विल्यमचा विजय गाणारी ही धून ऑरेंज मिरवणुकीचे काळीज आहे. अठराव्या शतकात दक्षिण आयर्लंडमधल्या मन्स्टरच्या पिरस मॅक गेराल्ट या कवीने नेमक्या याच धुनेवर, विल्यमने हरवलेल्या घराण्याच्या बाजूने, आयरिश भाषेत रणगीत रचले. चाल एक आणि शत्रू एकमेकांचे. ही धून आपण कोणत्या हॉलमध्ये पाठवणार आहात?

नाचाच्या चालींचे आणि वाद्यांचे तेच. रील स्कॉटलंडातून आली, हॉर्नपाइप इंग्लंडमधून, पोल्का बोहेमियातून. कॉन्सर्टिना, म्हणजे हातात धरायची छोटी भात्याची पेटी, लंडनच्या व्हीटस्टनची, बँजो अमेरिकेतल्या आफ्रिकी गुलामांची, बुझुकी ग्रीकांची आणि इथे ती 1960 च्या दशकात आली. युरोपातल्या वाद्यवृंदांनी एकोणिसाव्या शतकात जर्मन वादक बोएमच्या नव्या रचनेच्या बासऱ्या घेतल्या, तेव्हा त्यांच्या जुन्या लाकडी बासऱ्या स्वस्तात खेडोपाडी पोचल्या आणि आज ज्याला आपण खास आयरिश सूर म्हणतो तो त्या टाकाऊ मालातून उमटला. मिरवणुकीतल्या प्रॉटेस्टंट बँडची छोटी बासरी त्याच घराण्यातली आहे. डॉनिगॉलच्या फिडलवादकांनी स्कॉटिश वादक जेम्स स्कॉट स्किनर यांच्या रचना इतक्या आपल्याशा केल्या, की त्या बाहेरून आल्या हे सांगावे लागते. समितीने या साऱ्याला ‘मुख्यत्वे एका समाजाची सामग्री’ म्हणावे, याला अन्याय म्हणण्यापेक्षा अज्ञान म्हणणे मला सोपे जाते.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर माझे म्हणणे एकांगी होईल. हे संगीत सर्वांचे असले तरी ते सर्वांना सारखे खुले राहिले, असे झालेले नाही. 1951 मध्ये स्थापन झालेल्या कोल्तस या संस्थेने पारंपरिक संगीत मरता मरता वाचवले, पण 1971 मध्ये उत्तरेतल्या विनाचौकशी स्थानबद्धतेच्या निषेधार्थ त्याच संस्थेने आपला वार्षिक महोत्सव, म्हणजे फ्ला, रद्द केला. त्या निषेधाशी मी सहमत असेन किंवा नसेन. युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनसोबत राहू इच्छिणाऱ्या, घरातल्या फिडलवादकाने त्यातून जो अर्थ काढला तो समजण्यासारखा आहे. आपल्या वर्गातल्या तीन कुटुंबांनी मला सांगितले की त्यांच्या आजोबांनी त्या काळात फिडल पेटीत बंद केले आणि पुन्हा काढले नाही, कारण दारावरून जाणाऱ्याने ते ऐकून काय समजावे याची त्यांना भीती वाटू लागली. ऑरेंज हॉलच्या बँडला पैसे हवेत, ही आपल्यापैकी काही सभासदांची मागणी म्हणूनच मला रास्त वाटते. बँडला पैसे द्या. चांगले द्या, शनिवारी रात्री गणवेशात सराव करणाऱ्या त्या पोरांनाही शिकवणारा माणूस मिळत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की त्यांना देण्यासाठी एक वर्ग मधून चिरू नका.

ही चीर नवी नाही, म्हणून ती मला अधिक सलते. आपल्या प्रदेशातली नव्वद टक्क्यांहून अधिक मुले आजही आपापल्या समाजाच्या शाळांतच शिकतात. बेलफास्टमध्ये 1969 पासून दोन समाजांच्या वस्त्यांमध्ये उभ्या राहिलेल्या ‘शांतताभिंती’ 2023 पर्यंत पाडू, असे वचन 2013 मध्ये सरकारने दिले होते आणि त्या बहुतांशी आहेत तिथेच आहेत. शाळा वेगळी, खेळ वेगळे, बसथांबाही पुष्कळदा वेगळा. अशा ठिकाणी आठवड्यातले दोन तास चौतीस मुले एका वर्तुळात बसतात, ही साधी बाब नाही. या वर्तुळात बसण्याची एक रीत आहे: तुम्हाला धून येत नसेल तर वाजवायचे नाही, ऐकायचे; येत असेल तर शेजाऱ्याच्या लयीच्या पुढे जायचे नाही. माझ्या मुलीला ही रीत कोणी व्याख्यान देऊन शिकवलेली नाही. दोन वेगळ्या हॉलमध्ये तिला धुना त्याच शिकवतील, कदाचित शिक्षकही अधिक चांगले मिळतील, पण शेजारी कोण असेल हे आपल्या ठरावाने आधीच निश्चित केलेले असेल.

आणि हे दुसरीकडे जमले आहे. ग्लेनार्मचे गायक लेन ग्रॅहम आणि दक्षिण आरमाचे कथेकरी जॉन कॅम्बेल, एक प्रॉटेस्टंट घरातला आणि दुसरा कॅथलिक, ऐन हिंसाचाराच्या वर्षांत एकाच गाडीतून दोन्ही बाजूंच्या शाळांत जाऊन गात आणि गोष्टी सांगत असत. 1990 च्या दशकाच्या आरंभी रॉय आरबकल यांच्या पुढाकाराने डेरीत जे पथक उभे राहिले, त्याने लॅम्बेग आणि बाउरान एकाच मंचावर आणले. 2013 मध्ये फ्ला पहिल्यांदा उत्तर आयर्लंडमध्ये, त्याच शहरात भरला, तेव्हा प्रॉटेस्टंट बँडही त्यात वाजवायला उतरले आणि चार लाखांहून अधिक माणसे आली. 2026 च्या फ्लाचे यजमानपद बेलफास्टला मिळाले, तेव्हा आपल्या परिषदेनेही अभिनंदनाचा ठराव केला. ज्या प्रकारच्या मेळाचे बेलफास्टमध्ये कौतुक करायचे, तोच मेळ आपल्या गावात मोडायचा, यातली विसंगती त्या बैठकीत कोणाच्याच लक्षात आली नसेल, असे मला वाटत नाही.

संगीताच्या मर्यादाही इथल्याच इतिहासात नोंदलेल्या आहेत. 1972 मध्ये गायक डेव्हिड हॅमंड आणि कवी शेमस हीनी बेलफास्टच्या स्टुडिओत गाणी आणि कविता ध्वनिमुद्रित करायला निघाले असता शहरात बाँबस्फोट झाले. रुग्णवाहिकांचे भोंगे ऐकल्यावर हॅमंड यांना गाणे म्हणजे अपराध वाटला आणि ते न गाता परत गेले. 31 जुलै 1975 रोजी मायामी शोबँड या लोकप्रिय बँडची गाडी रस्त्यात अडवून तीन वादकांना ठार मारण्यात आले. त्या बँडमध्ये कॅथलिकही होते आणि प्रॉटेस्टंटही. एकत्र वाजवल्याने कोणी बंदुकीपासून वाचत नाही. मिरजेत मी पाहिले तेच हे. पण गोळीबार थांबून, 10 एप्रिल 1998 च्या शांतताकरारानंतर एक अख्खी पिढी मोठी झाल्यावर, एकत्र वाजवणाऱ्या मुलांना लोकनियुक्त परिषदेने कागदावर सही करून वेगळे बसवावे, याला कोणती सबब आहे?

दुसरी तक्रार अर्जाची. नव्या प्रवेशअर्जात पालकाने ‘समाज’ या रकान्यात कॅथलिक किंवा प्रॉटेस्टंट यांपैकी एकावर खूण करायची आहे. तिसरा चौकोन नाही. नोकरीच्या ठिकाणी असा प्रश्न भेदभाव मोजण्यासाठी विचारतात हे मला माहीत आहे आणि तिथे मी तो निमूटपणे भरते, कारण तिथे ‘दोन्हींपैकी नाही’ असे लिहायची सोय असते. इथे उत्तरावरून मुलाचा हॉल ठरणार आहे. आमच्या वर्गात माझी मुलगी आहे, एक पोलिश मुलगा आहे, केरळच्या परिचारिकांची दोन मुले आहेत, आणि सहा मुले अशी आहेत ज्यांचे आई आणि वडील वेगवेगळ्या बाजूंचे आहेत. त्या सहांनी आईच्या हॉलमध्ये जायचे की वडिलांच्या? केरळची मुले कॅथलिक असल्यामुळे आपल्या यंत्रणेत चपखल बसतात. त्यांची आई मात्र मला म्हणाली की असे बसण्यासाठी ती आठ हजारांहून अधिक किलोमीटर आलेली नाही.

तिसरी तक्रार थोडक्यात. ठरावाआधी शिक्षकांना, पालकांना किंवा मुलांना कोणीही विचारले नाही. अहवालाची प्रत मागितली तेव्हा ती मिळायला पाच आठवडे लागले. बचतीचा उल्लेख आहे, पण दोन जागा, दोन विमे आणि चार शिक्षक एका वर्गापेक्षा स्वस्त कसे पडतील याचा हिशेब त्यात कुठेही नाही.

चौथी तक्रार ऐकायला किरकोळ वाटेल. परिषदेच्या मालकीची अठरा फिडले नऊ-नऊ अशी वाटण्याचे ठरले आहे आणि टिन व्हिसलही तशाच मोजून ठेवल्या आहेत. एकुलती एक कॉन्सर्टिना कोणाकडे जाईल हे अद्याप ठरलेले नाही. भाऊबंदकीत भांडीकुंडी वाटताना मी पाहिली आहेत. त्यातही देव्हारा शेवटपर्यंत कोणी उचलत नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत. जूनचा ठराव पुढच्या बैठकीत फेरविचारासाठी घ्यावा आणि तोपर्यंत गिरणीच्या हॉलमधला वर्ग आहे तसा चालू ठेवावा. ऑरेंज हॉलच्या बँडला आणि गेलिक क्लबातल्या वर्गाला त्यांच्या गुणांवर स्वतंत्र निधी द्यावा, पण तो या वर्गाच्या तरतुदीतून कापू नये. प्रवेशअर्जातला समाजाचा रकाना काढावा; आकडेवारीसाठी तो हवाच असेल तर ऐच्छिक ठेवावा आणि त्याचा प्रवेशाशी संबंध नसावा. अहवालातले ‘मुख्यत्वे एका समाजाची’ हे वाक्य मागे घ्यावे, कारण परिषदेच्या दप्तरात ते राहिले तर उद्या दुसऱ्या कुठल्या वर्गाविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाईल. वाद्ये एकत्र राहावीत. आणि फेरविचाराच्या बैठकीत दोन्ही शिक्षकांना आणि मुलांच्या दोन प्रतिनिधींना प्रत्येकी पाच मिनिटे बोलू द्यावे. मुलांनी आपली नावे आधीच निवडली आहेत आणि त्यांत माझी मुलगी नाही, हेही नोंदवते.

या पत्रावर मी सह्या गोळा केलेल्या नाहीत. सह्यांचा कागद फिरू लागला की कोणाची सही आहे आणि कोणाची नाही यावरून गावात पुन्हा दोन याद्या तयार होतात.

हॉलची चावी यंदा माझ्याकडे आहे आणि ती 31 ऑगस्टला परत करायची, असे ई-मेलमध्ये लिहिले आहे. तोपर्यंत दर शनिवारी सकाळी सव्वादहाला मी दार उघडते. आपल्यापैकी ज्यांना वर्ग पाहायचा असेल त्यांनी पूर्वसूचना न देता यावे. खुर्च्या मांडायला दोन माणसे नेहमीच कमी पडतात.

आपली नम्र,
शनिवारच्या वर्गातील एका विद्यार्थिनीची आई